वाचले, पाहिले, करपले

वार्षिक अंकासाठी लेख मागताना आमचे सर म्हणाले, "फार मोठं काही लिहू नकोस. एका आठवड्यात काय वाचलंस, काय पाहिलंस, एवढंच लिही." एरवी हा विषय सोपाच होता. पण सुट्टीतल्या ज्या आठवड्याबद्दल मी लिहिणार आहे, त्या आठवड्यात मी तिसरीही एक गोष्ट केली आणि तिने पहिल्या दोहोंचा हिशेबच बदलून टाकला. ती गोष्ट म्हणजे स्वयंपाक.

त्याचे असे झाले. बी.ए.चे पहिले वर्ष संपता संपता आमच्या आईचे लग्न ठरले आणि तिचे कॉलेज सुटले. इतक्या वर्षांनी तिने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातले. नाशिकचे हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले, ते ज्यांना रोज कॉलेजात जाऊन बसणे जमत नाही अशांनाही शिकता यावे म्हणून. परीक्षेचे केंद्र मात्र तिने मुद्दाम मामाच्या गावचे घेतले. "इथं राहिले, तर पेपरच्या दिवशीही कुकर लावूनच जावं लागेल," एवढेच म्हणाली आणि रविवारी दुपारच्या एस.टी.ने गेली. मागे राहिलो आजी, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. आजीच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. बाबांचा स्वयंपाकघराशी संबंध पाण्याच्या माठापुरता. तेव्हा सूत्रे आपोआप माझ्या हाती आली.

मला चिंता नव्हती. घरात 'रुचिरा' होती. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले आणि पुढे कितीतरी मुलींच्या लग्नात आहेर म्हणून गेले. आमची प्रतही आईबरोबरच या घरात आलेली. वाटी आणि चमचा अशी साधी मापे त्यात आहेत. ज्याने अभ्यासाची जाडजाड पुस्तके पचवली, त्याला पिठले ते काय अवघड! मी उकळत्या फोडणीच्या पाण्यात कोरडे पीठ एकदम ओतले. जे तयार झाले त्यात पिठापेक्षा गाठी जास्त होत्या. आजीने एक गाठ बोटांनी फोडली, आतले कोरडे पीठ पाहिले आणि म्हणाली, "पीठ आधी पाण्यात कालवायचं असतं रे. हे आता वाचून कळायचं का?"

सोमवारी वाचायला घेतले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेत न गेलेल्या या बाईंना लिहावाचायला शिकवले ते नवऱ्याने. आणि त्यांनी मराठीला असे आत्मचरित्र दिले, की बोलता बोलता त्या आपल्याला हसवतात आणि हसता हसता गप्प करतात. त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड वाचताना मी मोठ्याने हसलो. आजी म्हणाली, "मलाही वाच." तेव्हापासून आमचा नेमच झाला. आजी तांदूळ निवडायची आणि मी ओट्यापाशी उभा राहून वाचायचो. घरात येणारे वाणसामान धुऊन घेण्याची हकिगत ऐकून आजी हसली, मग जरा थांबून म्हणाली, "आणि ते धुवायचं कुणी? बायकांनीच ना?" मी तोच मजकूर दोन वेळा वाचला होता. हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या दिवशी भात तळाशी करपला. दोष लक्ष्मीबाईंचा, असे मी बाबांना सांगितले.

मंगळवारी एक नवाच शोध लागला. भावाला मटकीची उसळ हवी होती. मला वाटले, डबा उघडायचा आणि फोडणीला टाकायची. पण मटकी आज भिजत घातली, तर रात्रभर भिजणार, उद्या फडक्यात बांधून ठेवायची आणि मोड येऊन उसळ होणार परवा! म्हणजे आईच्या डोक्यात आजच्या जेवणाबरोबर परवाचेही शिजत असते. दह्याला विरजण लागले का, साबुदाणा भिजला का, कणीक पुरेल का, हे सारे ती रोज कुठे लिहून न ठेवता चालवते. आणि मी परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवूनही पेपरची वेळ विसरणारा!

पुस्तकाची रोज शंभर पाने करायची, असा माझा बेत होता. बुधवारपर्यंत सारी मिळून पासष्ट झाली. पान उलटावे तर दूध उतू जाते. एखादा प्रसंग रंगात यावा तर आजीच्या औषधाची वेळ होते. पूर्वी याच घरात मी सुट्टीत दिवसाला दोनशे पाने वाचत असे. तेव्हा दूध उतू जात नव्हते असे नाही. ते उतरवणारे दुसरे कुणीतरी होते.

गुरुवारी रात्री मोबाइलवर 'उंबरठा' पाहिला. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला आहे. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाची नोकरी पत्करून घराबाहेर पडते. लहान मुलगी घरीच राहते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. शेवटी सुलभा पुन्हा निघते. मागे हा चित्रपट पाहिला तेव्हा मी वर्गात तावातावाने तिची बाजू मांडली होती. या वेळी मात्र बोलायला शब्द सुचेना. बाबा दारात उभे राहून शेवटचा भाग पाहत होते. काही बोलले नाहीत. आत गेले, आणि बऱ्याच वेळाने भांडी घासल्याचा आवाज आला.

तेवढ्यात आईचा फोन आला. नेहमीप्रमाणे तिने विचारले, "जेवलात का रे सगळे?" मी म्हटले, "जेवलो. आई, आमटीला चिंच किती घालायची?" तिने सांगितले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले, की रविवारपासून मी तिला रोज काही ना काही विचारत होतो. मिठाचे, मोहरीचे, कुकरच्या शिट्ट्यांचे. तिचे तीन पेपर होऊन गेले होते. ते कसे गेले, हे मी एकदाही विचारले नव्हते.

मला उंबरठ्यावरच ठेच लागल्यासारखे झाले. ती घराबाहेर पडली, पण आम्ही फोनच्या तारेने तिला पुन्हा स्वयंपाकघरात बांधून ठेवले होते. आणि हे करणारा मी, चर्चेत सुलभाच्या बाजूने भांडणारा!

मी लगेच उलटा फोन लावला. "आता काय राहिलं?" तिने विचारले. मी म्हटले, "काही नाही. पेपर कसा गेला?" पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती बोलू लागली. कोणता प्रश्न चांगला लिहिला, कोणता वेळेअभावी राहिला, शेजारच्या बाकावर तिच्याहून वयाने मोठ्या एक बाई कशा होत्या. अर्धा तास ती बोलत होती. अभ्यासाविषयी इतके बोलताना मी तिला कधी ऐकले नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "ठेवते आता. उद्याचं एक प्रकरण राहिलंय."

शुक्रवारी उसळ बरी झाली. शनिवारी आई आली. भाताच्या पातेल्याचा करपलेला तळ तिने पाहिला, मला पाहिले आणि काहीच बोलली नाही. निकाल अजून लागायचा आहे. 'स्मृतिचित्रे' माझे अर्धेच वाचून झाले आहे. उरलेले आता आई आजीला वाचून दाखवते, आणि तेवढा वेळ ओट्यापाशी मी असतो.

तर सर, आठवड्याचा हिशेब असा: दीडशे पाने, एक चित्रपट, एक करपलेले पातेले. एरवीच्या मानाने वाचन फारच कमी झाले. पण आजवर मी जी हजारो पाने वाचली, ती कुणाच्या वेळावर वाचली, हे मला या आठवड्यात कळले.