जुनी बोट आणि तिचे निंदक

नाशिक रोडचें स्टेशन मागें टाकून पूर्वेकडे निघालें, कीं थोड्याच वेळांत मळ्यांच्या हिरवळीवरून उंच धुराडीं दिसूं लागतात. तें एकलहरें. गोदावरीच्या पाण्यावर व दुरून आगगाडीनें येणाऱ्या कोळशावर चालणारें येथील वीजकेंद्र आतां म्हातारें झालें आहे. त्याचे पहिले दोन संच १९७० च्या सुमारास चालू झाले व आपलें काम करून कायमचे थांबले. त्यानंतरचे, प्रत्येकीं २१० मेगावॅटचे तीन संच १९७९, १९८० व १९८१ या सालांतले. केंद्राभोंवतीं वाढलेल्या वसाहतींत जुन्या यंत्राविषयीं रोजच वाद चालतो. बाहेरून आलेला पाहुणा म्हणतो, “हें चाळीस वर्षांचें धूड, मोडीत काढा.” आंत काम करणारा फिटर विचारतो, “कोणता भाग चाळीस वर्षांचा? नळ्या तर गेल्या ओव्हरहॉलला बदलल्या.” दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. जुना संच कोळसा अधिक खातो हें पाहुण्याचें खरें, आणि यंत्राचें वय केवळ जन्मसालावरून ठरत नाहीं हें फिटरचें खरें.

कांहीं वर्षांपूर्वीं या वसाहतींतील आमच्या स्नेह्यांच्या घरीं हाच वाद एका निराळ्या वस्तूवरून माजला. ते गृहस्थ नोकरींतून निवृत्त झाले होते. फंडाच्या पैशांतून मातोश्री, पत्नी, धाकटे बंधु, भावजय व मुलेंबाळें मिळून आठ माणसांनीं मुंबईहून विलासनौकेनें समुद्रपर्यटन करावें, असा त्यांचा बेत होता. मातोश्रींचें वय शहात्तर. समुद्र त्यांनीं चौपाटीवरून पाहिला, तेवढाच. पैसे भरण्याच्या आदल्या दिवशीं भावजयींनीं त्या बोटीविषयींचे प्रवाशांचे अभिप्राय जमवून आणले, आणि घराचे दोन तट पडले. “बोट जुनाट आहे,” “गालिचे विटलेले,” “कठड्यांना गंज,” “लिफ्ट येतां येत नाहीं,” “न्हाणीघरास वास,” अशी ती जंत्री होती. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, एवढा पैसा ओतून भंगारांत झोपायचें?” तेव्हां मातोश्री हंसून म्हणाल्या, “अरे, माझेहि गुडघे कुरकुरतात. मला कुठें मोडींत घातलेंत?” त्यावर थोरल्यांनीं दिलेलें उत्तर मोठें मार्मिक होतें. “खरें आहे, आई, पण तुला मी गड चढायला तरी कुठें सांगतों?” जुन्या वस्तूची परीक्षा करण्याचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे. ती जुनी आहे का, एवढेंच विचारून भागत नाहीं. जें काम तिला आपण सांगतों तें ती सुखरूप करील का, हा प्रश्न.

मुंबई बंदरास हा प्रश्न नवा नाहीं. २०१९ च्या एप्रिलांत ‘कर्णिका’ नांवाची विलासनौका येथून फिरूं लागली. ती १९९० सालीं इटलींत ‘क्राऊन प्रिन्सेस’ या नांवानें तयार झालेली. रेंझो पियानो या विख्यात वास्तुशिल्पज्ञानें तिची बाह्याकृति आंखली होती, व पाण्यांतून डोकें वर काढणाऱ्या डॉल्फिनची आठवण व्हावी असें तिचें कपाळ होतें. २०२० च्या साथीनें सारें पर्यटन थांबलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही बोट गुजराथेंतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठीं गेली. तिची समवयस्क ‘नॉर्डिक एम्प्रेस’ फ्रान्समध्यें सेंत-नाझेर येथें बांधलेली. तीहि १९९० चीच. कित्येक मालक व नांवें पालटून ती २०२१ च्या सप्टेंबरांत ‘एम्प्रेस’ या नांवानें मुंबईहून प्रवासी नेऊं लागली. एकाच सालच्या या दोन बोटी. एकीचें भंगार झालें आणि दुसरीवर दिवे लागले. पहिलीस वयानें नव्हे, उत्पन्न थांबल्यानें मारलें. जन्मसालावरून बोटीचें भविष्य सांगणें किती फसवें आहे, तें यावरून दिसतें.

आतां सुरक्षिततेचा विचार. येथेंहि वय हा खरा वैरी नाहीं. ‘टायटॅनिक’ १९१२ सालीं पहिल्याच सफरींत बुडाली. आपल्याकडील ‘रामदास’ बोट १९३६ सालची. ती १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जातांना वादळी समुद्रांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्या वेळीं तिचें वय अवघें अकरा वर्षांचें होतें. इटलीच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१२ मध्यें खडकावर आपटून आडवी झालेली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ तर सहा वर्षांचीहि नव्हती. तींत बत्तीस माणसें गेलीं. ‘रामदास’चा घात भर पावसाळ्यांतील समुद्रानें केला, ‘कॉन्कॉर्डिया’चा कप्तानाच्या अविचारानें, गंजानें दोघींचाहि नव्हे.

जुन्या बोटींवर कायद्याची नजर नसते असेंहि नाहीं. जळाऊ सामान वापरून बांधलेल्या जुन्या प्रवासी बोटी १ ऑक्टोबर २०१० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासांतून बाद झाल्या. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी बोटीचा सुरक्षिततेचा दाखला एका वर्षापलीकडे चालत नाहीं. दर पांच वर्षांनीं तिची मोठी तपासणी होते, व त्या मुदतींत निदान दोनदां तिचा तळ गोदींत कोरडा करून पाहतात. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनीं मोजतात आणि झिजलेला पत्रा कापून नवा बसवितात. हें वाचून एकलहऱ्याच्या मंडळींस नवल वाटलें नाहीं. बॉयलरच्या नळ्यांची जाडी मोजणें व दाखल्याची मुदत संभाळणें यांतच त्यांचा जन्म गेला होता.

मग तक्रारी कशा वाचाव्या? आम्हीं त्या कागदांचे चार ढीग केले. पहिल्या ढिगांत घडणीचे दोष. १९९० च्या सुमारास बांधलेल्या बोटींत खोल्या लहान असतात, सज्जे थोडे, आणि मोबाईलचा प्रसार व्हावयाचा असल्यानें प्लगची सोय तुटपुंजी. ‘एम्प्रेस’चें टनेज सुमारें ४८,५००; २०२४ सालीं निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चें सुमारें २,४८,६००. (हा टन वजनाचा नव्हे, बोटीच्या आंतल्या जागेचें तें माप आहे.) जिच्या पोटांत दुसरीच्या पंचमांश जागा, तिनें तितक्याच करमणुकी पुरवाव्या असें म्हणणें म्हणजे वाड्यांत राहावयास जाऊन लिफ्ट नाहीं म्हणून रडणें होय. असले दोष सोसवतील का, एवढेंच घरानें ठरवावें.

दुसऱ्या ढिगांत निगेचे दोष. येथें बारकाईनें पाहावें. खाऱ्या वाऱ्यांत कठड्यावर गंजाचे ओघळ उतरावयाचेच. खलाशी रोज खरवडतात, रोज रंगवितात. तेवढ्यानें बोट खिळखिळी ठरत नाहीं. परंतु न्हाणीघरांत पाणी तुंबतें, खोल्यांत गारवा पोंचत नाहीं, सांगूनहि दुरुस्ती होत नाहीं, अशा गोष्टी निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या माणसांनीं लिहिल्या असतील तर त्या खऱ्या धराव्या. विटका गालिचा डोळ्यांस बोचतो, तुंबलेली मोरी आरोग्यास बाधते. दोन्ही एका तागडींत घालूं नयेत.

तिसऱ्या ढिगांत माणसांचे दोष: रांगा, उर्मटपणा, बिलांतील घोळ, शाकाहारी पंक्तीची हेळसांड. हे बोटीच्या वयाचे नव्हेत, चालकांचे आहेत. नव्याकोऱ्या बोटीवरहि भेटतात. चौथा ढीग अपेक्षाभंगाचा. जाहिरातींतील चित्र पाहून गेलेला, जून महिन्यांत निघून बोट हलते म्हणून रागावणारा, दारूचे पैसे वेगळे पडले म्हणून चिडणारा प्रवासी या ढिगांत येतो. त्याची तक्रार खोटी नसते, पण ती बोटीपेक्षां त्याच्याविषयींच अधिक सांगते.

याखेरीज दोन नियम उपयोगीं पडले. एक, तारीख पाहावी. गोदींतील दुरुस्तीच्या आधींची निंदा व नंतरची निंदा यांचें मोल सारखें नव्हे. दुरुस्तीनंतरहि तोच दोष निघाला, तर तो अधिक गंभीर. दुसरा, स्तुतीलाहि हीच कसोटी लावावी. “सारें उत्तम” म्हणणारा कांहींच सांगत नाहीं. “लिफ्टसाठीं ताटकळलों, पण जेवणाची शिस्त चांगली” म्हणणारा विश्वासास पात्र.

ढीग पुरे झाले तेव्हां दुसऱ्या ढिगांत भीतीजोगें फार थोडें उरलें होतें, आणि घरानें जाण्याचें ठरविलें. हिंवाळा निवडला. हेलकावे कमी लागावे म्हणून मातोश्रींसाठीं बोटीच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावरची खोली मागितली, व ती लिफ्टच्या जवळ घेतली. आम्हीहि त्यांच्याबरोबर गेलों. कसाऱ्याचा घाट उतरून आगगाडीनें मुंबई गांठली आणि दुपारीं बोटीवर चढलों. ती वर सांगितलेल्या बोटींपैकीं नव्हे. नांव येथें देत नाहीं. निंदकांनीं लिहिलेलें बरेंचसें खरें निघालें. गालिचा जिन्यापाशीं झिजलेला होता, एक लिफ्ट बंद होती, सकाळीं नळाचें पहिलें पाणी तांबूस आलें. मात्र तें सांगितल्यावर अर्ध्या तासांत मनुष्य आला व काम करून गेला. बोट सुटण्यापूर्वीं जीवरक्षक जाकिटांची कवायत कसून झाली. मातोश्रींना खुर्ची देऊन त्यांचीहि हजेरी घेतली. आमच्या मतें त्या बोटीविषयींचा सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय तोच होता, आणि जमविलेल्या कागदांत तो कोणींच लिहिला नव्हता.

रात्रीं मुंबईचे दिवे मागें पडले. पहांटे मातोश्री धाकट्या सुनेचा हात धरून डेकवर आल्या. चहूंकडे पाणी, किनारा कोठेंच नाहीं, आणि पूर्वेकडे हळूहळू उजाडत होतें. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. शेवटीं सुनेला म्हणाल्या, “गोदावरी इथेंच येते का ग?” सून म्हणाली, “नाहीं आई, ती दुसऱ्या समुद्राला जाते.” “मग तो पण दाखवा,” त्या म्हणाल्या. जिनें तक्रारींची जंत्री आणली, तिच्याच हातीं पुढच्या प्रवासाची चौकशी आली!

अशा प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांस आमचें सांगणें इतकेंच. निंदा ऐकावी, ती फुकट मिळणारी सावधगिरी आहे. पण ती पाखडून घ्यावी. बोटीचें जन्मसाल विचारावें, त्याहून आधीं ती गोदींत शेवटीं केव्हां गेली तें विचारावें. आपल्या घरांत म्हातारें कोण, लहान कोण, कोणास काय सोसवत नाहीं, याचा विचार करून मग तिच्या दोषांची यादी पाहावी. आणि परत आल्यावर लिहावयाचें झालें तर तारीख, जागा, काय मागितलें व काय उत्तर मिळालें, हें सारें नीट लिहावें. पुढें जाणारें एखादें घर आपल्याच शब्दांवर आपली पुंजी तोलत असतें.