मोराचा नेम

भोकरदन तालुक्यातल्या शाळेत सहावीला अपूर्णांक शिकवताना मी एका कोल्ह्याला कामाला लावलं होतं. दोन मांजरांच्या भाकरीची तो लबाड वाटणी करायचा. वर्ग खूश. आठवड्यानं चाचणी घेतली, तर कोल्ह्याची सोंगं सगळ्यांना पाठ, छेद समान करणं मात्र तिघांनाच जमलेलं. चूक माझीच. गणित वगळलं तरी माझी गोष्ट तशीच चालत होती. मग पोरांनी ते भाजीतल्या कडीपत्त्यासारखं ताटाबाहेर काढून ठेवलं, यात नवल काय!

पुढं भास्कराचार्यांची ‘लीलावती’ हाती आली. ग्रंथ ११५० सालचा. त्यात नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, बुडाशी सापाचं बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडं निघालाय. दोघांचा वेग सारखा. मोर त्याला कुठं धरेल?

सातवीच्या वर्गाला मैदानात नेलं. हाताऐवजी वीत धरली, फक्कीनं काटकोन आखला. पोरं आधी सापाच्या बाजूनं की मोराच्या, यावरच भांडली. मग गोफणीनं पाखरं राखणारा एक जण म्हणाला, “सर, साप दिसतो तिथंच झेप घेतली तर हुकंल ना. पुढं नेम धरावा लागंल.” माझ्या मते त्या दिवसाचा धडा त्यानंच घेतला. पुढं किती, हे शोधायला पोरं सुतळी घेऊन बसली. दहा वितींवर जमेना, अकरावर जमेना. बिळापासून बारा वितींवर जमलं: मोराची झेप पंधरा, सापाची धावही पंधरा. पायथागोरसचं नाव मी त्यानंतर फळ्यावर लिहिलं.

इतिहास शिकवताना मात्र गोष्ट जपून सांगतो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथल्या लोकांची नावं कोरलेली आहेत. एवढं सांगून मी गप्प बसतो. पोरं नकाशावर सुतळी धरतात, वाटेत तापी येते, नर्मदा येते. “एवढी मोठी नदी कशी ओलांडली असंल, सर?” असं कुणीतरी विचारतंच. रंगवून सांगायचा मोह होतो. पण ते कुठं कोरलेलं नाही, म्हणून मी सांगत नाही.