नोव्हेंबरची यादी

ऑक्टोबर सरत आला की मिस्सेनंतर चर्चच्या दारात पाकिटं वाटतात. घरातल्या मयतांची नावं लिहून ती परत द्यायची. नोव्हेंबरभर ती वेदीपाशी राहतात आणि त्या सगळ्यांसाठी मिस्सा अर्पण होते. वसईतल्या आमच्या घरी हे लिहिण्याचं काम लहानपणीच माझ्याकडे आलं. आजीला लिहिता येत नव्हतं आणि माझं अक्षर बरं होतं.

आजी ओटीवर बसून नावं सांगे. वयाचा क्रम नाही, मरणाचाही नाही. जो तिच्या मायेचा तो आधी. सासू बरीच खाली असायची. सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून, ती धाकट्या दिराचं नाव घ्यायची. त्याने वाडीतल्या बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यात, जीव दिला होता. १९१७च्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धर्मविधीने दफन नव्हतं, म्हणून सिमेट्रीत त्याला जागा मिळाली नाही. वडील कुरकुरायचे, “आई, त्याचं कशाला?” आजी माझ्याकडे बघून म्हणायची, “तू लिही रे. कोण कसा गेला ते पाकिटावर लिहायचं नसतं.”

१९८३च्या नव्या संहितेत ती बंदी राहिली नाही. आजी तोवर यादीत गेली होती. तिला मी सासूच्या वर लिहिलं.

पुढे वाचताना कळलं की या यादीचं मूळ फार जुनं आहे. आरंभीच्या शतकांत दुमडत्या पाट्यांवर जिवंतांची आणि मृतांची नावं लिहून ती उपासनेत वाचत. पाटीवरून नाव खोडलं की माणूस ख्रिस्तसभेबाहेर. कॉन्स्टँटिनोपलचे बिशप जॉन क्रिसोस्तोम ४०७ मध्ये हद्दपारीत वारले. त्यांचं नाव पुन्हा पाटीवर चढवावं की नाही, यावरून मोठमोठे बिशप भांडले. अखेर ते चढलं. आज ते संत आहेत. आमच्या ओटीवरचा वाद त्या मानाने लवकर मिटायचा.

१९१५ मध्ये, महायुद्धात माणसं मरत असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, तीन मिस्सा अर्पण करायची मुभा दिली. त्यातली एक झाडून सगळ्या मृतांसाठी. मग पाकीट हवंच कशाला? देवाला आठवण करून द्यावी लागत नाही, हे आजीलाही ठाऊक होतं. पण सगळ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेत दिराचं नाव कुणाला उच्चारावं लागलं नसतं आणि तिला तर ते उच्चारलेलंच हवं होतं.

हल्ली यादी लिहिताना शेवटच्या नावाखाली किती ओळी रिकाम्या आहेत, याकडे नकळत लक्ष जातं. बायको म्हणते, “दुसरा कागद घ्या की.”

मुलगी कॅनडात असते. तिच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात एक वही उघडी ठेवतात. कुणीही आपल्या मृतांची नावं लिहावीत. गेल्या वर्षी तिने फोन करून आपली यादी मागितली. मी वाचत गेलो, ती लिहीत गेली. शेवटच्या नावाशी थांबून म्हणाली, “बाबा, हा कोण?” माझे वडील या प्रश्नावर उठून वाडीत जायचे. मी खुर्ची ओढून बसलो. बावखल म्हणजे काय, इथपासून सांगावं लागलं.