व्हॅनामी 'बीटी' आहे का?



आमचे साडू यवतमाळचे, कापूसवाले. परवा तळ्यावर आले. चेक ट्रे उचलून दाखवला, तर म्हणाले, "साडूभाऊ, दोन महिन्यांत एवढी वाढ? ही पण बीटीच का?"

नाही हो. बीटी कपाशीत जिवाणूचा जनुक घातलेला असतो. व्हॅनामीत बाहेरचं काही घातलेलं नाही. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. ज्या कुटुंबांची वाढ चांगली, त्यांतलेच नर-मादी पिढ्यानपिढ्या निवडत गेले. आपण जोमदार म्हशीची पारडी राखतो ना, तसंच. भारतात २००९ पासून परवानगी आहे. बाहेरून येणारे नर-मादी आधी चेन्नईला विलगीकरणात राहतात, मग हॅचरीत जातात, आणि त्यांची पिल्लं आपल्या तळ्यात.

परदेशात कालवांवर वेगळा प्रयोग होतो. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच करतात. असं कालव जवळजवळ वांझ असतं. अंडी-बीजात जाणारी ताकद मांसात जाते, म्हणून लवकर भरतं. त्यातही परका जनुक नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी बियाण्याच्या कागदावर 'एसपीएफ' वाचलं आणि वाटलं, आता रोग लागतच नाही. बांधाला खेकड्यांसाठी जाळी लावली नाही. पाणी क्लोरिन न मारताच खाडीतून घेतलं. पंचेचाळिसाव्या दिवशी कोळंबी काठाला आली, कवचावर पांढरे ठिपके. चार दिवसांत तळं रिकामं. बँकेचा हप्ता मात्र तसाच.

एसपीएफ म्हणजे आई-बाप ठरावीक रोगांपासून मुक्त आहेत, एवढंच. पिल्लाला रोग लागणार नाही असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. मीच तसं वाचलं होतं. वाढीसाठी निवडलेलं बियाणं व्हाइट स्पॉटपुढे साध्या बियाण्याइतकंच लाचार.

तेव्हापासून बियाणं पीसीआर तपासल्याशिवाय सोडत नाही. खेकड्याची जाळी आधी, बियाणं नंतर. पक्ष्यांसाठी दोऱ्या. पाणी साठवण तळ्यात क्लोरिन मारून, मुरवून मगच घ्यायचं.

साडूंनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या बोंडअळीसारखंच झालं. पाकिटावर भरवसा ठेवला, रानात फिरलो नाही."

शनिवारी जाळं टाकून सरासरी वजन काढतोय. आकडा इथेच टाकेन. तुमच्याकडे बियाणं सोडण्याआधी कोणकोणत्या तपासण्या करता, तेवढं खाली लिहा.