पांढरी पाचच्या गावात

‘‘वीकेण्डला नगर? आणि नगरमध्ये नागापूर? तिकडे तर एमआयडीसी आहे ना रे?’’ ग्रुपवरच्या एकाही मेंबरला माझा प्लॅन झेपला नाही. चूक त्यांची नाही म्हणा. नगरला जाणारा माणूस जातो भुईकोट किल्ल्यात, नेहरूंना १९४२ ते ४५ या काळात जिथे ठेवलं होतं ती खोली बघायला. नाहीतर रणगाड्यांच्या म्युझियमला, नाहीतर चांदबिबी महालाच्या टेकडीवर सनसेट पकडायला. नागापूर लागतं ते शिर्डीला जाताना, तेही गाडीच्या काचेतून.

मी मात्र चाललो होतो एक कीबोर्ड बघायला. खरं सांगायचं तर त्याला निरोप द्यायला.

पुण्यात असताना माझा एक रूम पार्टनर होता. इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. मी मास कॉमच्या असाइनमेण्ट्स खरडत बसायचो, तेव्हा हा हेडफोन लावून लॅपटॉपवर सिंथेसायझर वाजवायचा. पुढे मी फ्रीलान्सिंगच्या नादी लागलो आणि तो नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला चिकटला. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, ‘ज्युनो विकतोय. शनिवारी पार्टी येणार आहे बघायला. त्याआधी येऊन जा.’

आता ‘ज्युनो’ म्हणजे कोण, ते सांगायला हवं. रोलॅण्ड कंपनीचा ज्युनो डी-आय. २००९ साली आलेला, एकसष्ट पट्ट्यांचा, वजनाने हलका सिंथेसायझर. नवा आता मिळत नाही. याने तो सेकंडहॅण्ड घेतला होता, पहिल्या वर्षाच्या बोनसमधून.

पुणे ते नगर साधारण १२० किलोमीटर. वाघोलीच्या ट्रॅफिकने दया दाखवली, तर तीन तासांत पोचता. कागदोपत्री शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरच्या तोंडी अजून ‘नगर, नगर’च. तिथून मनमाड रोड धरायचा, सावेडी मागे टाकायची, सीना ओलांडली की नागापूर. टपऱ्या, हार्डवेअरची दुकानं, मोटार रिवाइंडिंगच्या पाट्या, ‘रूम भाड्याने देणे आहे’चे कागद. फर्स्ट शिफ्ट सुटली की रस्ताभर बाइक्स आणि डब्याच्या पिशव्या. फोटोजेनिक वगैरे अजिबात नाही. पण कान उघडे ठेवा.

‘‘ऐक,’’ कंपनीच्या कंपाउंडपाशी त्याने बाइक थांबवली. आत कुठेतरी ट्रान्सफॉर्मर घुमत होता. ‘‘आपली लाइन पन्नास हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर घुमतो त्याच्या दुपटीने, शंभरवर. पांढरी पाच म्हणतोस ना, तिचा खालच्या सप्तकातला सूर अठ्ठ्याण्णव. म्हणजे अख्खी एमआयडीसी चोवीस तास पांढरी पाचमध्ये गातेय. थोडी चढी, एवढंच.’’

मी हसलो. मग खरंच ऐकू यायला लागलं आणि हसू थांबलं.

त्याची खोली म्हणजे दहा बाय दहा. एका भिंतीला गॅसची शेगडी आणि दुसरीला कॉट. कॉटसमोर दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर ज्युनो, बाजूला लॅपटॉप. सिंथेसायझर आणि साधा कीबोर्ड यातला फरक मला त्याने इथेच समजावला. साध्या कीबोर्डमध्ये आवाज तयार मिळतात, हा पियानो, ही बासरी. सिंथमध्ये आवाज तुम्ही घडवता. आधी एक कच्चा, धारदार सूर घ्यायचा. मग फिल्टर, म्हणजे चक्क गाळणी. कट-ऑफचा नॉब फिरवला की वरचा कर्कशपणा गाळला जातो आणि आवाज रजई ओढून घेतल्यासारखा मऊ होतो. तो आवाज किती झपकन यावा, किती रेंगाळत जावा, तेही तुमच्याच हातात.

या छंदाचं आपल्याकडचं खानदानही काही कमी नाही बरं का. मुंबईच्या स्टुडिओंत केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकातच मूग सिंथेसायझर वाजवला होता. आणि चरणजित सिंग! फिल्मी सेशन्स वाजवणारा हा माणूस. १९८२ साली त्यांनी रोलॅण्डची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. यातलं टीबी-३०३ एकट्याने रियाझ करणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलेलं, खपलं नाही म्हणून १९८४ मध्ये बंद झालेलं. पुढे शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र वापरून १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ जन्माला घातलं. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. हे तर मुंबईत पाच वर्षं आधीच वाजलं होतं! २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी हे कौतुक त्यांनी पाहिलं.

‘‘मग एवढं सगळं आहे तर विकतोस कशाला?’’ मी विचारलं.

‘‘बहिणीच्या इंजिनीअरिंगची फी भरायचीय. आणि लॅपटॉपवर काय कमी आहे?’’ त्याने धडाधड विंडोज उघडल्या. सर्ज, व्हायटल, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ची नक्कल करणारा डेक्स्ड. तिन्ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्स आणि आवाज एकापेक्षा एक सॉलिड. हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हा या मंडळींचा कायमचा वाद. खिशाच्या बाजूने विचार केला तर वाद उरतच नाही.

‘‘मग प्रॉब्लेम काय?’’

तो थोडा वेळ गप्प बसला. ‘‘दिवसभर पॅनेलसमोर असतो रे मी. स्क्रीन, अलार्म, स्क्रीन. रात्री पुन्हा माऊस धरावासा नाही वाटत. याला हात लावता येतो.’’

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, स्पीकर गप्प झाला. नागापुरातली रात्र अचानक मोकळी झाल्यासारखी वाटली. ज्युनो मात्र चालूच होता. तो आठ पेन्सिल सेलवरही चालतो! आम्ही इअरफोनचं एकेक बोंडूक कानात घातलं आणि त्याने अंधारात पांढरी पाचचा एक लांब सूर धरला. कट-ऑफ इतका हळू फिरवला की आवाज कधी उघडला ते कळलंच नाही. त्याने त्याची एकुलती एक पूर्ण झालेली ट्यून वाजवली. खाली ट्रान्सफॉर्मरची घूं, वर चार सूर. कारखान्याची ट्यून म्हणा ना! मला माझ्या अर्धवट सोडलेल्या गिटार क्लासची जाम लाज वाटली.

शनिवारी सकाळी ‘पार्टी’ आली. जवळच्या गावच्या बेंजो पार्टीतले दोघं, मोठा विशीचा, धाकटा फार तर पंधराचा. मोठ्याचा पहिला प्रश्न, ‘‘दादा, सनई आहे का यात?’’ मित्राचा चेहरा पडला. माझाही. मनात म्हटलं, गेला बिचारा ज्युनो हळदीच्या गाण्यांत.

मोठा भावात घासाघीस करत होता. धाकट्याचा हात तोवर कट-ऑफच्या नॉबवर गेला. त्याने तो फिरवला. मग पुन्हा फिरवला, सावकाश. ‘‘दादा, आवाज दाराआड गेल्यासारखा होतोय!’’

मित्राने भाव करणं सोडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुढचा तासभर कुणी पैशांचं नाव काढलं नाही. शेवटी वीस हजारांवर व्यवहार झाला. सोबत सेलचा नवा जोड आणि मित्राचा फोन नंबर, ‘अडलं तर विचार’ या अटीवर.

बाइकवर दोघांच्या मधे चादरीत गुंडाळलेला ज्युनो मनमाड रोडला लागला, तेव्हा मला वाटलं हा आता रडणार. पण त्याने लॅपटॉप उघडला. गेल्या तीन रात्री जागून पठ्ठ्याने आपल्या आवडत्या आवाजाची एकेक पट्टी, एकसष्टच्या एकसष्ट, रेकॉर्ड करून ठेवली होती. ‘‘नॉब तेवढा नाही आला रे यात,’’ तो म्हणाला. ‘‘बघू, पुढच्या बोनसला.’’

परतीच्या एसटीत सुप्याजवळ त्याचा मेसेज आला. त्या पोराने फोन करून विचारलं होतं, ‘दादा, हा आवाज सेव्ह कसा करायचा?’