पाहुण्याचे धैर्य

अरण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हिंस्र पशूची भीती शिकवावी लागत नाही. आम्हां पोंभुर्णा तालुक्यातील लोकांना वाघ परका नाही. शेताच्या बांधावर त्याचे ठसे उमटतात. मोहाच्या दिवसांत पहाटे घराबाहेर पडणाऱ्या बायकांना ‘जपून जा’ असे सांगताना घरच्यांचा आवाज खाली येतो. म्हणूनच अंदमानच्या सहलीत शार्क माशांच्या सान्निध्यात पोहण्याचा योग आला, तेव्हा आमच्या मनात कुतूहलाइतकाच धाकही होता.

शहीद द्वीपच्या किनाऱ्यालगत प्रवाळाचे उथळ खडक आहेत. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, अशा वेषात आम्ही कुटुंबीय पाण्यावर पालथे तरंगत राहिलो. आमचा वाटाड्या आपल्याच श्रद्धेचा, रांचीकडून आलेल्या मजुरांच्या वंशातला होता. १९१८ पासून छोटा नागपूरचे आदिवासी मजूर या बेटांवर जंगलतोडीसाठी आणले गेले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ब्लेअर धर्मप्रांतात त्यांच्या वंशजांची संख्या मोठी आहे. त्याने एवढेच बजावले, “त्यांच्या मागे जाऊ नका, त्यांची वाट अडवू नका.” वाघाविषयी आमच्याकडचे जाणते लोक हेच सांगतात.

थोड्या वेळाने निळसर धूसर पाण्यातून तीन शार्क आले. त्यांच्या परांची टोके शाईत बुडवल्यासारखी काळी होती. पाच-सहा हातांवरून त्यांनी आम्हांला निरखले, संथपणे वळले आणि दिसेनासे झाले. आमच्या मुलीने आमचा हात घट्ट धरला होता. तो तिने तेव्हाच सोडला.

हा प्रवाळ-शार्क फार तर दीड-पावणेदोन मीटर वाढतो आणि लहान माशांवर जगतो. मादी पिलांना जन्म देते, तीही एका वेळी साधारण दोन ते पाच. इतक्या सावकाश वाढणारी जात जाळ्यांच्या वेगापुढे टिकत नाही. जगात शार्कच्या हल्ल्यांत वर्षाला साधारण सहा माणसे दगावतात. उलट माणसाच्या हातून वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मरतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. भारताने २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. वसई-मालवणच्या वाचकांना मात्र हा मासा मोरी या नावाने ताटातूनच परिचित आहे.

पाण्याबाहेर आलो तेव्हा आमचा धाक मावळून त्याच्या जागी प्रेम आले होते. पण हे प्रेम आम्हांला फार स्वस्तात मिळाले. आम्ही तासाभराचे पाहुणे होतो. सोबत वाटाड्या होता, नाव जवळ होती, आणि नको वाटताच परतण्याची मुभा होती. तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला अशी मुभा नसते. २०२५ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ पाहणाऱ्याचे धैर्य आणि त्या स्त्रियांचे धैर्य यांत आम्हांला फार अंतर दिसते. जाळ्यात सापडलेली मोरी विकून घर चालवणाऱ्या कोळ्यालाही केवळ निसर्गप्रेमाचा उपदेश करणे म्हणूनच अवघड आहे.

१०४ व्या स्तोत्रात रात्री सिंहाची पिले देवाजवळ अन्न मागतात, सूर्य उगवताच ती गुहेत परततात आणि माणूस आपल्या कामाला निघतो. त्याच स्तोत्रात समुद्रातले महाकाय जीवही आहेत. प्रत्येकाला त्याची वेळ आणि जागा नेमून दिलेली आहे. आज जंगल आक्रसले, पोट भरण्याची निकड वाढली, आणि या वेळा एकमेकींत मिसळल्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले, ते आमच्या तालुक्यात शब्दशः खरे आहे.

वाघ वाचावा, शार्क वाचावा, ही प्रार्थना आम्ही करतोच. त्याच प्रार्थनेत सरपणाला आणि पानांना गेलेली माणसे सुखरूप परत यावीत हेही मागावे, आणि जी परतली नाहीत त्यांच्या मुलांच्या शाळेची फी कोण भरते, याची विचारपूस आपल्या धर्मग्रामाने करावी. सृष्टीवरील प्रेमाची किंमत नेहमी त्याच घरांनी का मोजावी?