मुरुमाची वाट

भाऊबीजेला बहीण माहेरी आली की तिच्याबरोबर काय काय यावयाचे हे आमच्या घरी ठरलेले आहे. अनरशांचा डबा, गुडघ्यांची तक्रार आणि 'दादा, तू फार वाळलास' हे वाक्य. यंदा तिच्याबरोबर भाचाही आला, आणि त्याच्या मोटारीच्या पाठीला बांधलेल्या दोन सायकली आल्या.

आम्ही राहतो नागपुरास. पण दिवाळी करतो ती गावच्या घरी. गाव गोंदिया जिल्ह्यातले, नवेगावबांधच्या अलीकडचे. तेथे सायकल हा काही नवलाचा प्राणी नव्हे. पण या सायकली पाहावयाला अर्धी आळी जमली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले; मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. टायर मात्र चांगले अडीच बोटे रुंद.

"हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात, मामा," भाचा म्हणाला. "डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरुमाच्या रस्त्याने जायची सायकल."

त्याने मग पुष्कळ माहिती दिली. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया म्हणून गाव आहे. तेथे २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते आणि माणसे पैसे भरून धूळ खायला जातात. हे ऐकून मला हसू आवरेना. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घर एका गावी, शाळा दुसऱ्या गावी. तीस वर्षे त्यांनी रोज मुरुमाची धूळ खाल्ली, आणि तीही फुकट!

मुरुमाचा स्वभाव ज्याने सायकल चालवली त्यालाच कळावा. पावसाळा ओसरला की तो बसतो, घट्ट होतो, आणि दोन महिने डांबराला लाजवील असा रस्ता देतो. उन्हाळ्यात त्याचे खडे सुटतात. कठीण जमिनीवर कोणी ज्वारी पसरून ठेवावी तसे चाक घसरते. ओला असला तर चिखल होऊन चाकाला धरून बसतो. बाबा म्हणत, हँडल आवळून धरू नये. सायकलीला तिची वाट शोधू द्यावी. उन्हाळ्यात ते टायरमधली थोडी हवा सोडून देत. भाच्याने हाताएवढ्या पंपाला लावलेल्या काट्यावर हवा मोजून नेमके हेच केले, तेव्हा मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला.

"उद्या साकोलीपर्यंत जाऊ," तो म्हणाला. "दुसरी सायकल तुमच्यासाठीच आणली आहे."

मला सत्तरावे लागले आहे. घरातून व्हावयाचा तो विरोध झाला. "पडलात तर ऐन सणात हाडवैद्य शोधत हिंडायचे का?" असे विचारण्यात आले. पण साकोलीचे नाव निघाले आणि मी 'हो' म्हणून बसलो. त्या रस्त्याशी माझा एक जुना हिशेब होता.

गावातून बाहेर पडावयाची वाट तलावाच्या पाळीवरून जाते. आमच्या भागात गाव म्हटले की तलाव आलाच. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी येथे दोन टेकड्यांमधल्या फटीत मातीची पाळ घातली, पाणी अडवले आणि खाली धानाच्या बांध्या केल्या. नवेगावचा विशाल बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने घातला. लोकांनी त्याला देव केले. कोलासुर म्हणून तो भोवतालच्या एका डोंगरावर बसला आहे. आमचा तलाव त्या मानाने डबके; पण आमची भाकरी, खरे म्हणजे आमचा भात, त्याच्यावर. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी'चे कागदोपत्री लघुरूप झाले 'मामा'. "म्हणजे हे सगळे मामा तलाव तुमचेच!" असे भाचा म्हणाला, आणि सगळे घर हसले. पूर्वी पाळीला घूस लागली तर मालगुजार माणसे लावी. पुढे पाळीची काळजी कोणी करायची, हेच कोणाला ठाऊक नव्हते. बाबा करीत.

त्यांचा एक नियम होता. पाऊस पडून गेला असला की पाळीवर सायकलीवर बसायचे नाही. माणूस बसलेल्या सायकलीचे चाक ओल्या मुरुमात चाकोरी पाडते. पुढच्या सरीचे पाणी त्या चाकोरीतून धावते. चाकोरीची नाली होते, नालीची घळ. म्हणून ते उतरत आणि कडेच्या हराळीवरून सायकल ढकलत नेत.

फेब्रुवारी १९६८. सातवीची शिष्यवृत्तीची परीक्षा साकोलीला होती. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. पहाटेपासून आमची धांदल. निघावयाला उशीर झालाच होता. पाळ आली आणि बाबा उतरले. मी म्हटले, "बाबा, आजच्या दिवस!" ते म्हणाले, "चल." अर्धा मैल आम्ही चालत गेलो. बसून गेलो असतो तर तीन मिनिटे लागली असती, लागली दहा. मोटार थांबे तेथे पोहोचलो तेव्हा तिचा आवाज पुढच्या वळणावर ऐकू येत होता.

मग त्यांनी मला कॅरिअरवर बसवले आणि नऊ कोस सायकल हाणली. सव्वाअकराला पोहोचलो. पहिल्या पेपराला बसू दिले नाही. दुसरा मी दिला. पण एका पेपरावर शिष्यवृत्ती मिळत नसते. पुढे माझे शिक्षण झाले, नोकरी झाली, काही अडले नाही. पण ती सात मिनिटे माझ्या मनातून गेली नाहीत. बाबा निवृत्त झाल्यावर मी एकदा बोलून दाखवले, "त्या दिवशी तुम्ही उतरला नसता तर!" ते सायकलीच्या साखळीला तेल घालीत होते. "हो, उशीर झाला खरा," एवढेच म्हणाले आणि पुन्हा तेल घालू लागले. १९९४ साली ते गेले. विषय तेथेच राहिला.

तर आम्ही निघालो. रात्री एक सर येऊन गेली होती. भाचा पाळीवरून सुसाट गेला, आणि मीही, का कोण जाणे, गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच ओल्या पाळीवर मी उतरलो नाही. तीन मिनिटांत पाळ संपली.

जुना रस्ता आता डांबरी झाला आहे. मुरूम हल्ली शोधावा लागतो. भाच्याच्या फोनला तो सापडतो. नवेगावचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे सायकलीला मज्जाव. म्हणून आम्ही जंगलाच्या कडेकडेने, पाटाच्या बाजूच्या वाटेने गेलो. ऐन, मोह, तेंदू यांची सावली संपली की तलाव, तलाव मागे पडला की बांध्या, बांध्यांपलीकडे पुन्हा सावली. हलके धान कापून पडले होते आणि त्याचा ओलसर गोड वास वाटभर सोबतीला होता. एका तलावात ढिवर शिंगाडे काढीत होते; बाजूच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकीत चालला होता. एका गावी मंडईची तयारी चालू होती. रात्रीच्या नाटकाचा मांडव पडत होता. वाटेत आडवी आलेली कोळ्यांची जाळी भाच्याच्या चेहऱ्याने तोडली. पुढे असण्याचा तेवढा तोटा.

पहिला तास मी राजासारखा होतो. दुसऱ्या तासाला प्रत्येक चढ ओळखीचा वाटू लागला. तिसऱ्या तासाला मांड्यांना भाषा फुटली. या सायकलीला बारा गिअर; माझ्यामागे ओझे नाही; चढ आला की खटका दाबावा आणि पाय हलके करावे. तरी वाटेतल्या चहासकट साकोलीला पोहोचायला मला जवळजवळ तीन तास लागले. बाबांना पावणेतीन लागले होते. गिअर नाही, चिखल ओला, आणि मागे बारा वर्षांचे, फुगून बसलेले पोर. वाटेत ते एकदाही थांबले नाहीत. मला आठवते ती त्यांची पाठ. सदरा घामाने काळा झालेला. सत्तावन्न वर्षे ती पाठ मला आठवत होती, पण हिशेबात धरली नव्हती. माझ्या वहीत सात मिनिटे मांडलेली होती; पावणेतीन तास नव्हते.

परतताना मी सरळ छोट्या टेम्पोत सायकली टाकायला लावल्या. पाय संपले होते. तलावापाशी मात्र उतरलो आणि म्हटले, पाळ मी चालत जातो. सकाळच्या आमच्या चाकोऱ्या तशाच होत्या. खरे सांगायचे तर त्या फार खोल नव्हत्या; रुंद टायर जमिनीला कमी टोचतो. बाबांच्या सायकलीनेही त्या एका सकाळी पाळ फुटली नसती, असे मला आजही वाटते. हा मुद्दा मी सोडलेला नाही.

पायाने माती सारून मी चाकोरी बुजवू लागलो. भाचाही न विचारता बुजवू लागला. पाळीखाली एक म्हातारा जाळे झटकीत बसला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"तुमी गुरुजीचे पोर का जी?"

"हो."

"गुरुजी बी अठीच उतरत होते," तो म्हणाला. "आता कोनी उतरत नाही."

आम्ही हराळीवरून सायकली ढकलीत निघालो. घरी दिवे लागले होते. दहा मिनिटे लागली.